दोरी कोणाच्या हाती? श्वानप्रदर्शनातील मालक आणि व्यावसायिक हँडलर



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, सहकार, सीमाभागातील शिक्षण असे भारदस्त विषय येऊन गेले आहेत. त्या पंक्तीत कुत्र्याचे पान मांडताना मला थोडा संकोच वाटतो. तथापि ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते गुरुजी निबंधाचा विषय निवडताना आम्हांला सांगत असत की, ज्यात तुमचे हात मळले आहेत त्यावरच लिहा. माझे हात कुत्र्यांत मळले. पशुवैद्य म्हणून बेळगावात व्यवसाय केला, आणि हिवाळ्यातील बहुतेक रविवार श्वानप्रदर्शनांच्या रिंगणात घालविले. कधी स्वतःची कुत्री घेऊन, पुष्कळदा परीक्षकाची साहाय्यक म्हणून, हाती नोंदवही धरून. त्या रिंगणाच्या कडेला एक वाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न एकदा तरी करावा असे वाटले.

वाद असा. एखाद्या गृहस्थाने पिल्लू आणले, दोन वर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढविले आणि स्वतः दोरी धरून रिंगणात नेले. शेजारी त्याच जातीचे दुसरे कुत्रे. पण त्याची दोरी एका पगारी माणसाच्या हाती. बक्षीस दुसऱ्याला मिळते. आमचे गृहस्थ बाहेर येऊन म्हणतात, ‘‘येथे कुत्रे पाहतच नाहीत हो, माणूस पाहतात!’’ या पगारी माणसाला इंग्रजीत हँडलर म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. सूत्रधार म्हणावे तर नाटकाचा भास होतो आणि माहूत म्हणावे तर हत्ती आठवतो; म्हणून हँडलर हाच शब्द मी वापरते.

प्रथम हे प्रदर्शन म्हणजे काय ते सांगावयास हवे. प्रत्येक जातीचे एक लिखित वर्णन असते. डोके कसे, खांद्याचा कल किती, छाती कोठवर उतरलेली, शेपूट कशी, चाल कशी, हे सारे त्यात नमूद असते. परीक्षकाने समोरचे कुत्रे त्या वर्णनाशी ताडून पाहावयाचे, आणि जे त्याच्या सर्वांत निकट येईल त्यास पहिले ठरवावयाचे. आधुनिक स्वरूपाचे पहिले प्रदर्शन १८५९ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे भरले. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती होत्या आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या गेल्या. गंमत अशी की, एका जातीच्या परीक्षकाचे कुत्रे दुसऱ्या जातीत पहिले आले, आणि दुसऱ्याचे पहिल्या जातीत. तेव्हा ‘माणूस पाहतात’ ही तक्रार प्रदर्शनांइतकीच जुनी असावी! पुढे १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, १८७७ मध्ये न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर प्रदर्शन सुरू झाले, १८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्ट यांच्या नावाचे प्रदर्शन लंडनमध्ये भरू लागले. भारतातील केनेल क्लब आपली स्थापना १८९६ ची सांगतो. या खेळात पैशाचे बक्षीस जवळजवळ नसतेच. वेस्टमिन्स्टरच्या सर्वोत्कृष्ट कुत्र्यालाही रोख रक्कम मिळत नाही; मिळतो तो चषक, फीत आणि नाव.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. परीक्षकाला एका कुत्र्यामागे वेळ किती मिळतो? अमेरिकेत तासाला २० ते २५ कुत्री असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे एकास जेमतेम अडीच-तीन मिनिटे. आधी सर्व कुत्री गोलाकार धावतात. मग एकेक पुढे येते. लहान जातीचे असल्यास टेबलावर, मोठ्या जातीचे असल्यास जमिनीवर त्याला उभे करतात. परीक्षक जबडा उघडून दातांची जुळणी पाहतो, खांदे, बरगड्या, कंबर, पुठ्ठा हाताने चाचपतो, नराचे दोन्ही वृषण उतरले आहेत ना, याची खात्री करतो. नंतर कुत्रे सरळ रेषेत दूर जाऊन परत येते. जाताना मागचे पाय दिसतात, येताना पुढचे. शेवटी एक फेरी, तीत बाजूने पाठीची रेषा आणि पावलांची झेप दिसते. दोन वर्षांचे संगोपन या अडीच मिनिटांत उतरावयाचे असते. ते उतरविणे हे हँडलरचे काम.

ते काम बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही, किंबहुना दिसू नये अशीच त्याची रीत आहे. एक चालीचेच उदाहरण घेऊ. कुत्र्याची परीक्षा दुडकी चालीत होते. प्रत्येक कुत्र्याची स्वतःची अशी एक गती असते, जीत त्याचे पुढचे आणि मागचे पाय एका तालात पडतात. तीहून जलद पळविले तर मागचे पाय पुढच्यांवर आदळू लागतात, किंवा ती टक्कर चुकविण्यासाठी अंग तिरके होते. तीहून हळू नेले तर काही कुत्री एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलून उंटासारखी डुलू लागतात. मुरलेला हँडलर दोन फेऱ्यांत ही गती हेरतो आणि स्वतःची पावले तिच्याशी जुळवितो. हौशी मालक मात्र स्वतःच्या घाबरण्याच्या गतीने धावतो. शिवाय दोरीतून मनःस्थिती खाली उतरते. मालकाच्या हाताला सुटलेला कंप कुत्र्याच्या गळ्याशी पोहोचतो. ते मान वळवून धन्याकडे पाहू लागते आणि पाठीची रेषा मोडते. दोरी अकारण ताणली तर कुत्र्याचे पुढचे अंग उचलले जाते आणि बिचाऱ्याचे सरळ पायही वाकडे पडताना दिसतात.

उभे करण्यातही अशाच खुब्या आहेत. उकडलेल्या काळजाचा तुकडा किती उंचीवर धरला असता मान डौलदार उठते आणि किती उंच गेला असता पाठ खचते, हे हाताला कळावे लागते. कुत्रे नेहमी आपल्या आणि परीक्षकाच्या मध्ये ठेवावयाचे. परीक्षक दुसऱ्या कुत्र्याकडे पाहत असताना आपल्या कुत्र्याला विसावा द्यावयाचा आणि त्याने मान वळविण्यापूर्वी पुन्हा सावध करावयाचे. यात फसवणूक आहे काय? वकील पुरावा निर्माण करीत नाही, असलेला नीट मांडतो. तसेच हे आहे. काही वकील याहून पुढे जातात, तसे काही हँडलरही जातात. मागच्या पायांचा दोष झाकण्यासाठी ते पाय हाताने योग्य जागी ठेवतात, दोरी ताणून पुढच्या चालीचे वैगुण्य लपवितात. जाणता परीक्षक अशा वेळी ‘दोरी सैल सोडा’ एवढेच म्हणतो आणि सगळे उघडे पडते. असे परीक्षक मी पाहिले आहेत. न म्हणणारेही पाहिले आहेत.

केसाळ जातींत हँडलरचे महत्त्व आणखी वाढते. तारेसारखे राठ केस असलेल्या टेरियर जातींचे जुने केस बोटांनी वा बोथट सुरीने उपटून काढावे लागतात. हे काम आठवड्यांच्या हिशेबाने चालते, जेणेकरून नवा राठ थर नेमका प्रदर्शनाच्या दिवशी हव्या त्या लांबीचा असेल. सोपा मार्ग म्हणून यंत्र फिरविले की केस मऊ होतात, रंगही फिका पडतो. पूडलची केशरचना हेही वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. त्यामुळे या जातींत व्यावसायिकांचे प्राबल्य राहिले यात नवल नाही. वेस्टमिन्स्टरचा सर्वोच्च मान सर्वाधिक वेळा वायर फॉक्स टेरियर या जातीने पटकाविला आहे. पर्सी रॉबर्ट्स आणि पीटर ग्रीन या दोघा हँडलरांनी तेथे प्रत्येकी चार वेळा सर्वोत्कृष्ट कुत्रे सादर केले. ती आठही कुत्री टेरियर गटातील होती. ॲन रॉजर्स क्लार्क या तेथे विजयी ठरलेल्या पहिल्या व्यावसायिक स्त्री हँडलर. १९५६, १९५९ आणि १९६१ ही त्यांची तीन वर्षे, आणि तिन्ही वेळा त्यांच्या दोरीला पूडल होते. याउलट लॅब्राडोर, व्हिपेट अशा आखूड केसांच्या जातींत मालकाला निदान कात्रीच्या बाबतीत तरी कमीपणा येत नाही.

पण सर्वत्र हँडलरांचेच राज्य आहे असे नाही, आणि माझ्या मते या वादाची किल्ली येथेच आहे. इंग्लंडात आजही मोठ्या प्रदर्शनांत पैदासकार आणि मालक स्वतः दोरी धरताना दिसतात. क्रफ्ट्समध्ये २०१८ साली सर्वोत्कृष्ट ठरलेली व्हिपेट, २०२० ची राठ केसांची डॅशहुंड आणि २०२२ चा फ्लॅटकोटेड रिट्रीव्हर यांना त्यांच्या घरच्याच माणसांनी सादर केले होते. अमेरिकेत त्याच पातळीवर बहुधा व्यावसायिक आढळतो. इंग्रज माणूस कुत्र्यावर अधिक प्रेम करतो आणि अमेरिकन पैशावर, असे सोपे उत्तर काही जण देतात. मला ते पटत नाही. कारण अंतरात आणि नियमांत आहे.

इंग्लंडात तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटे मिळाली की कुत्रे चॅम्पियन होते. देश लहान; सकाळी मोटारीत कुत्रे घालून निघालेला मालक रात्री घरी परततो. अमेरिकेत चॅम्पियनपदासाठी १५ गुण लागतात. त्यांत तीन किंवा अधिक गुणांचे किमान दोन मोठे विजय हवेत, तेही भिन्न परीक्षकांकडून. एवढ्यापर्यंत चिकाटीचा मालक पोहोचू शकतो. पण देशातील पहिल्या क्रमांकाचे कुत्रे ठरावयाचे असेल तर हिशेब बदलतो. तेथे एकूण किती कुत्र्यांवर मात केली हे मोजले जाते, आणि ती संख्या वाढविण्यासाठी वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरत राहावे लागते. नोकरीधंदा असलेल्या माणसाला हे शक्य नाही. मग ज्याची मोठी गाडी आहे, जो एकाच फेरीत दहा-पंधरा कुत्री नेऊ शकतो, ज्याच्या हाताखाली शिकाऊ मुले आहेत, अशा माणसाची गरज निर्माण होते. जसा नियम तसा धंदा उगवतो. मालक ज्याला हँडलरचे कौशल्य समजून पैसे मोजतो, त्यात निम्मा भाग सवडीचा असतो.

या धंद्याचा व्यवहारही समजून घेण्यासारखा आहे. हँडलर दरपत्रक छापतो. प्रत्येक प्रदर्शनामागे ठराविक रक्कम, कुत्रे त्याच्याकडे राहिल्यास खाण्याराहण्याचा खर्च, प्रवासाचा वाटा, आणि गटात वा सर्वांत पहिले आल्यास वर बक्षिसी. कुत्रे खरोखर असामान्य असेल तर खर्च उचलणारे श्रीमंत भागीदार शोधले जातात. मासिकांतून त्याच्या पानभर जाहिराती येतात. येथवर मजल गेली की मूळ मालक हा स्वतःच्याच कुत्र्याचा प्रेक्षक होऊन जातो.

मग ‘माणूस पाहतात’ ही तक्रार खरी की खोटी? तीत तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पुष्कळसे परीक्षक स्वतः पूर्वाश्रमीचे हँडलर असतात, ओळखीदेखी असतात. दमलेल्या परीक्षकाला संशयाच्या क्षणी ओळखीच्या हाताचा आधार वाटतो. हा हँडलर सुमार कुत्रे आणणार नाही, असे त्याचे मन त्याला सांगते. पण याच वाक्यात दुसरी बाजूही आहे. चांगला हँडलर सुमार कुत्रे खरोखरच घेत नाही, कारण हरणाऱ्या कुत्र्याने त्याचे नाव जाते. आणि ज्याच्याकडे उत्तम कुत्रे आहे, असा मालकच बहुधा हँडलरकडे जातो. म्हणजे व्यावसायिकांच्या हाती उत्तम कुत्री आधीच गोळा झालेली असतात. शहरातल्या नामांकित शाळेचा निकाल नेहमी चांगला लागतो, त्यात शिकविण्याचा वाटा किती आणि प्रवेशाच्या वेळी निवडून घेतलेल्या मुलांचा किती, हे सांगणे जसे कठीण, तसेच हे. (आपल्या शाळेने मुले कधी निवडून घेतली नाहीत, हे येथे सांगितलेच पाहिजे.) निव्वळ बक्षिसांच्या याद्या मोजून पक्षपात सिद्ध होत नाही आणि खोडूनही निघत नाही.

अमेरिकन केनेल क्लबने यावर उपाय योजून पाहिले. एके काळी तो हँडलरांना परवाने देत असे. ती पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. पैदासकारांनी स्वतः सादर केलेल्या कुत्र्यांचा वेगळा वर्ग फार पूर्वीपासून आहे. २०१० नंतरच्या दशकात मालकांनी स्वतः सादर केलेल्या कुत्र्यांची देशव्यापी स्वतंत्र मालिका सुरू झाली. प्रदर्शन तेच, परीक्षकही तेच. पण पात्र कुत्र्यांतून मालकांच्या हातचे सर्वोत्कृष्ट कुत्रे निराळे निवडले जाते. येथे मालक म्हणजे कोण, हा प्रश्न उभा राहिला. नुसते कागदावर नाव असून भागत नाही. मोबदला घेऊन दोरी धरणारा, त्याच्या घरातील माणसे आणि त्याचे साहाय्यक यांना वगळावे लागले. ते योग्यच झाले. कारण २००९ साली वेस्टमिन्स्टर जिंकणारा दहा वर्षांचा ससेक्स स्पॅनियल स्टंप किंवा २०२१ चा पेकिनीज वसाबी यांचे हँडलर त्यांच्या मालकीतही सहभागी होते, पण दोघेही पेशाने मुरलेले व्यावसायिक. प्रेम असणे आणि पेशा असणे यांत विरोध मानणाऱ्यांनी ही उदाहरणे ध्यानात घ्यावीत.

आता आपल्याकडे पाहू. संस्थानी काळात महाराजांच्या श्वानशाळा होत्या आणि कुत्र्यांची निगा राखणारी पगारी माणसे होती. स्वतंत्र भारतात प्रदर्शने शहरांत आली, मालक डॉक्टर, कारखानदार, बागाईतदार असे झाले. दोरी धरणारा माणूस मात्र बहुधा गरीब घरातलाच राहिला. आपल्याकडील हँडलरांपैकी कित्येकांना मी मुले असल्यापासून पाहिले आहे. कोणा मालकाकडे कुत्र्यांचे पिंजरे धुण्यास लागलेला मुलगा, निरीक्षणाने शिकत शिकत, वीस वर्षांनी असा तयार होतो की, परदेशी परीक्षकही त्याचा हात वाखाणतात. तो रेल्वेने दोन दोन दिवस कुत्र्यांसोबत प्रवास करतो आणि मंडपाच्या कनातीमागे कुत्र्यांशेजारीच झोपतो. बक्षीस मिळाल्यावर छायाचित्राची वेळ येते. मालक, मालकीणबाई, मुले, परीक्षक, मध्ये चषक. दोरी धरणाऱ्याला कित्येकदा ‘जरा बाजूला हो’ असे सांगितलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. हँडलरांमुळे मालकांवर अन्याय होतो, ही ओरड जितकी मोठ्याने होते, तितक्या मोठ्याने हा अन्याय कोणी बोलून दाखवीत नाही. मालकाचा पराभव फितीपुरता असतो. या माणसाच्या हाताला पन्नाशीनंतर, गुडघे धावेनासे झाल्यावर, काय उरते याची चौकशी कोणी केलेली मला ठाऊक नाही.

तिसरा पक्ष कुत्र्याचा. त्याच्या वतीने बोलण्याचा थोडाफार अधिकार माझ्या व्यवसायाने मला दिला आहे. महिनोन् महिने हँडलरकडे राहिलेली कुत्री मी तपासली आहेत. काहींना तो जीव मानवतो. माणसांची, प्रवासाची, नव्या वासांची हौस असलेले कुत्रे तेथे फुलते. काही मात्र घरचे माणूस दिसेनासे होताच खाणे कमी करतात, पंजे चाटून चाटून लाल करतात, परतल्यावर आठवडाभर कोपरा धरून बसतात. दाटीवाटीने ठेवलेल्या कुत्र्यांत खोकल्याची साथ पसरतेच पसरते. कुत्रे हँडलरकडे पाठवावे का, असे मला विचारणाऱ्यांना मी प्रथम एवढेच सांगते की, ते आठ दिवस नातलगांकडे ठेवून पाहा आणि त्याचे वजन करा. चषकाचा विचार त्यानंतर.

ज्यांना स्वतः शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी वाट बंद नाही. रोज दहा मिनिटे पुरतात, मात्र ती रोजची हवीत. दुकानाच्या काचेत स्वतःला पाहत कुत्रे उभे करावे. घरातल्या कोणाकडून भ्रमणध्वनीवर चालीचे चित्रण करून घ्यावे आणि आवाज बंद करून पाहावे. मग आपण कोठे घाई करतो ते दिसते. रिंगणाच्या कडेला बसून कुत्र्यांऐवजी हँडलरांचे हात पाहावेत. आणि त्यांना विचारावे. आपल्याकडील हँडलर विचारणाऱ्याला हातचे राखून सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे, विचारणारेच थोडे.

बेळगावकरांना हे सांगण्यास आणखी एक कारण आहे. आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तेथील घोरपडे संस्थानिकांनी आश्रय दिलेली शिकारी जात आज मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. खेड्यांतून तिला कारवानी म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, आणि २०१६ मध्ये सैन्याने मेरठच्या केंद्रात तिच्या पिल्लांचे प्रशिक्षण आरंभिले. ही जात परक्या माणसाचा स्पर्श सहसा खपवून घेत नाही. रिंगणात परीक्षकाचा हात खांद्यावर पडताच ती आकसते, मागे सरकते, आणि उत्तम बांध्याचे जनावर तेथेच मागे पडते. येथे बाहेरून आणलेला हँडलर फारसा कामाचा नाही. त्याचाही हात तिला परकाच. ती शांत उभी राहते ती ज्याच्या अंगणात वाढली त्याच्याजवळ. म्हणून आपल्यापैकी ज्यांच्या शेतावर कारवानी पिल्ले आहेत त्यांनी ती तीन महिन्यांची होण्याच्या आतच आल्यागेल्या पाहुण्याकडून त्यांच्या पाठीवरून हात फिरवून घ्यावा, ओठ उचलून दात पाहू द्यावेत आणि दोरी मात्र स्वतःच्या हाती सैल धरून ठेवावी.